कृष्णाजी न्हाव्याची निशाणी

माझे सासरे मोरेश्वर यांनी पुण्याच्या दप्तरात चाळीस वर्षं जुने मोडी कागद वाचले. २००४ साली ते आमच्याकडे परदेशात, जॉन्सनव्हिलला राहायला आले, तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि भिंगं तीन. मी त्यांना बाबा म्हणते. माणूस हट्टी. कागदात नाही ते बोलणार नाहीत आणि आहे ते गिळणार नाहीत. या सत्यवादीपणाचा सुनेला किती ताप होतो, ते मला विचारा.

दोन वर्षांनी इथल्या मराठी मंडळाच्या शिवजयंतीला त्यांनी स्टेजवर एक जुना कागद वाचावा, असं ठरलं. कागद संग्रामच्या घराण्याचा. संग्राम आमच्याच रस्त्यावर राहणारा इंजिनिअर. घराणं न्हाव्याचं, पण हे तो इथे कुणाला सांगत नसे. सांगायचा ती ढाल. एका पूर्वजाने वस्तरा टाकून तलवार धरली, म्हणून कागदावर त्याच्या नावापुढे ढाल काढलीय, असं त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. मोडी कुणालाच येत नव्हती. मंडळाच्या निमंत्रणावरही तीच ढाल छापली होती.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी संग्राम कागद घेऊन आला. बाबांनी डायनिंग टेबलावर भिंग लावलं. माझ्या लेकीने, ओवीने वाकून विचारलं, "आजोबा, इज इट अ शील्ड?"

"नाही गं. आरसा आहे," बाबा म्हणाले. "हा गावसभेचा निवाडा. साक्षीला ज्याने त्याने आपल्या धंद्याची खूण काढायची. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा."

संग्रामचा चेहरा उतरला. "काका, स्टेजवर ढालच म्हणा ना. इन्व्हिटेशन्स गेलीयेत. तिथे मोडी कोण चेक करणारे?"

मीही त्याचीच री ओढली. "बाबा, एका शब्दाने काय बिघडतंय?"

"मग मी येत नाही," बाबा म्हणाले. "पण अजून वाचून कुठे झालंय?"

त्यांनी पुढे वाचलं ते असं: अडीचशे वर्षांपूर्वी पाटलाने एका विधवेचं शेत दाबलं होतं. बाकी साक्षीदारांनी 'आम्हांस ठाऊक नाही' म्हणून हात झटकले. संग्रामच्या पूर्वजाने, कृष्णाजी न्हाव्याने मात्र पाहिलं ते सांगितलं. तुझं बलुत्याचं वर्षाचं धान्य बंद करीन, असं पाटलाने भर सभेत दरडावलं, तेही कागदात होतं. त्या धमकीनंतरही कृष्णाजीने साक्षीला आपला आरसा काढला होता. शेत विधवेला परत मिळालं.

संग्रामने कागद उचलला आणि चहा न घेताच गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "काकांना घेऊन या." बस, एवढंच.

"आहे तेच वाचणार," बाबांनी मला गाडीत बजावलं.

हॉल भरलेला. बाबा उभे राहून खणखणीत वाचत होते. पाटील झाला, विधवा झाली, हात झटकणारे झाले. साक्षीदाराचं नाव आलं आणि ते थांबले. पहिल्या रांगेत बसलेल्या संग्रामकडे त्यांनी नुसतं पाहिलं.

संग्राम उठून स्टेजवर आला. त्याने माइक हातात घेतला.

"कृष्णाजी न्हावी," तो म्हणाला. "आमचा मूळपुरुष. निमंत्रणावर ढाल छापलीय ती माझी चूक. तो आरसा आहे."

मला त्या दोघांचा अभिमान वाटला, आणि 'ढाल म्हणा' सांगणाऱ्यांत मीही होते, हे आठवून लाजही वाटली.

वाचन चालू असताना बाबा कागद कुणाला हात लावू देत नसत. त्या दिवशी तो त्यांनी संग्रामच्या हातात दिला, आरशाखाली बोट ठेवलं आणि म्हणाले, "मी अक्षर लावतो, तू बोल. आता पुढचं दोघं मिळून वाचू."