शंभरातले दोन तास

अक्काला समुपदेशन शिकायचं खूळ चव्वेचाळिसाव्या वर्षी लागलं. रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं ती सुया टोचत होती. लोक हात पुढे करायचे आणि आपली दुःखंही सांगायचे. "तुम्ही ऐकता किती छान," असं जो तो म्हणे आणि अक्का हरभऱ्याच्या झाडावर चढे. शेवटी तिने दोन वर्षांची रजा टाकली. "एक दिवस जास्त झाला तर जागा दुसऱ्याची," साहेबांनी बजावलं. नवरा म्हणाला, "घरात माझं ऐकत नाहीस, तिथे जाऊन लोकांचं ऐकणार?" पण सकाळचा डबा तोच भरू लागला.

पदवीसाठी खऱ्याखुऱ्या माणसांसमोर शंभर तास बसायचं होतं. लहानशी खोली, दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा खोका आणि घड्याळ समोरच्याच्या पाठीमागे, म्हणजे आपण वेळ बघतोय हे त्याला दिसू नये. अठ्ठ्याण्णव तास कसेबसे झाले. मग एक मुलगी यायची थांबली, एक जोडपं आपसांत मिटवून मोकळं झालं. उरले एकटे चष्मेवाले काका. शेवटच्या महिन्यात नवं माणूस देत नसत आणि मुदत संपायला दोन आठवडे होते.

बायको गेल्यापासून काकांना आपल्या चष्म्यांच्या दुकानाचं शटर वर करवत नव्हतं. आता ते रोज दुकान उघडत होते. मागच्या भेटीत "मला बरं वाटतंय" असं तीनदा म्हणाले. माणसाला बरं वाटलं की त्याला मोकळं करायचं, हे अक्काला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. तरी तिच्या तोंडून निघालं, "पण आतून?" आणि पुढच्या आठवड्याची वेळही तिने देऊन टाकली. लाज वाटली, पण करणार काय? कोंडीत सापडली होती बिचारी.

काका ठरल्या वेळी आले. अक्काने विचारलं, "काकूंचं काही दुकानात आहे अजून?"

"चष्मा आहे तिचा. काउंटरच्या खणात," काका म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

अक्काने हळूच घड्याळ पाहिलं. पस्तीस मिनिटं झाली होती. आता तास भरणार म्हणून तिला हायसं वाटलं. दुसऱ्याच्या रडण्याने हायसं! स्वतःची तिला किळस आली.

काकांनी नाक पुसलं. "एवढ्यावर भागेल ना? बाहेर वेळा लिहून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, तुमचे दोन तास कमी पडतायत. बरा झालो म्हटलं तर तुमचं वर्ष जायचं. म्हणून काल मुद्दाम तो चष्मा काढून बसलो. रडू येईना हो, काही केल्या. आज जमलं एकदाचं."

हा तास लिहिला तर पदवी जवळ येत होती. नाही लिहिला तर एकतर दोन वर्षं पाण्यात, नाहीतर आणखी एक वर्ष आणि नोकरी गेली. तिने नोंदवही ओढली, आजच्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, उपचार मागच्या भेटीत पूर्ण.

"काका, आता तुम्ही यायचं नाही."

काका गडबडून उठले. "माझं काही चुकलं का?"

"नाही हो, माझंच..." अक्काला पुढे बोलवेना. ती ओक्साबोक्शी रडू लागली. काकांनी दाराकडे पाहिलं, मग ते परत खुर्चीत बसले.