कोथिंबिरीला जागा द्या

भाजीला माणसाइतका मान देणारा माणूस उभ्या शिरूर तालुक्यात एकच झाला, तो म्हणजे माझे मामा. तळेगाव ढमढेऱ्याला राहायचे. सगळी हयात एस.टी.त कंडक्टर म्हणून गेली; निवृत्तीनंतर घंटीची दोरी हातातून सुटली, पण तोंड काही थांबेना. ज्यांच्या रानात दोन-तीनच क्रेट माल निघायचा, त्यांच्यासाठी पुण्याला टेम्पो कोण नेणार? मामांनी अशी वीस घरं गोळा केली, एक टेम्पो ठरवला आणि रोज दुपारी त्याच्या फाळक्याशी उभे राहू लागले. "वांगी, आत सरका! दारात लोंबकळू नका! कोथिंबिरीला जागा द्या, बाळंतीण समजा तिला!" असं ते क्रेटना खरोखर ओरडून सांगत. एकदा शेजारच्या काकू मेथीचं क्रेट घेऊन धापा टाकत आल्या, तर गाडीत तसूभर जागा नव्हती. मालाबरोबर पुण्याला निघालेले मामा केबिनमधून खाली उतरले, आपल्या जागेवर क्रेट ठेवलं आणि चालत घरी आले. मामींनी कपाळाला हात लावला, तर म्हणाले, "मी काय सुकतोय व्हय?"

पुढं त्याच घरांनी मिळून एका शेडमध्ये छोटी कोल्ड रूम उभी केली. भर मे महिन्यात मामा स्वेटर आणि माकडटोपी घालून आत मालाची हजेरी घेत आणि त्याच वेषात बाहेर चहा पीत बसत. अशाच एका दुपारी वीज गेली. आत वीस घरांचा माल. "दार उघडा, बघू तरी!" म्हणत जो तो धावला. मामा दाराला पाठ लावून उभे. "न्हाई! दार उघडलं की गारवा उतरून जातोय, आन् तो परत चढत न्हाई!" मामींनी आणलेली भाकरीसुद्धा त्यांनी तिथंच उभ्यानं खाल्ली. पाच तासांनी वीज आली, दार उघडलं, तर कोथिंबीर सकाळसारखी टवटवीत! लोक नाचायला लागले. मामा मात्र शेडमागं डोळे पुसत होते. मी विचारलं, तर म्हणाले, "घाम हाय."

आता गुडघे गेले, मामा दौंडला लेकीकडं असतात. गावात थंड गाडी दारापर्यंत येते, फोनवर नोंद केली की माल निघतो. चांगलंच झालं. फक्त क्रेटशी कुणी बोलत नाही.

परवा भेटायला गेलो, तर मामांनी माझा हात धरला. "गाडी गेली का रं?"

"गेली, मामा."

"कुणाचं काय मागं राह्यलं न्हाई ना?"

"नाही," म्हणालो. ते समाधानानं उशीला टेकले. मागं राहिलेलं एकच माणूस माझ्यासमोर होतं, ते काही मला सांगवेना.