दोन्हीकडे दहा हजार, म्हणे आकडा जुळला!

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे. चोआ चू कांगला घरी जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभ्याउभ्या हे लिहितेय.

आमचं सॉफ्टवेअर क्लिनिकना पेशंटच्या जुन्या नोंदी शोधून देतं. गेल्या आठवड्यात त्या सगळ्या नोंदी नव्या सर्च डेटाबेसमध्ये कॉपी केल्या. मॅनेजर शिरीष, आपल्या पुण्याचाच, त्याने दोन्हीकडे सर्च मारला. जुन्यात दहा हजार, नव्यातही दहा हजार. "जुळलं!"

मी म्हटलं, "अरे, मुद्दाम सांगितल्याशिवाय दोन्हीकडचा सर्च दहा हजारांपुढे मोजतच नाही. आपल्या नोंदी लाखांत आहेत."

"अगं, उगाच फाटे फोडू नकोस. क्लायंटला मेल गेलाय."

आज दुपारी नोव्हेना भागातल्या एका क्लिनिकमधून नर्सचा फोन. एका आजोबांना इंजेक्शन द्यायचं होतं आणि स्क्रीनवर ॲलर्जीची नोंदच नव्हती. औषधाचं नाव ऐकून आजोबाच ओरडले, "पेनिसिलिन कॅनॉट लाह! लास्ट टाइम आय टोल्ड यू!"

मी सगळ्या नोंदी नीट मोजायला लावल्या. कॉपी अर्ध्यातच बंद पडली होती!

यावर शिरीष काय म्हणाला असेल? "रिपोर्टमध्ये मायनर इश्यू लिही."

मायनर? मी लिहिलं, "मोजा म्हणून सांगितलं होतं, मोजलं नाही." आणि पाठवून दिलं. काय व्हायचं ते होऊ दे.

आजोबा शुद्धीवर होते, म्हणून ओरडले तरी. बेशुद्ध पेशंट आला असता, तर त्याच्या वतीने कोण ओरडलं असतं? आमचा जुळलेला आकडा?