कागदावर आणा

पेनचं टोपण दातांत धरल्याशिवाय भाऊंना ऐकूच येत नसे. कुणी गाऱ्हाणं घेऊन समोर बसलं की ते खिशातलं पेन काढत, टोपण दातांत धरत आणि त्या टोपणाच्या आडूनच म्हणत, "ते सगळं खरं. पण कागदावर आणा." मग माझ्याकडे वळून, "शुभा, लिहून घे गं."

ते आमचे आमदार होते. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही पक्ष विचाराल, आणि पक्ष कळला की पुढचं ऐकायचं सोडून द्याल. लालबागला त्यांचं जनसंपर्क कार्यालय होतं, तिथे मी पंधरा वर्षं टायपिंग केलं. कार्यालय म्हणजे एका चाळीच्या जिन्याखालची खोली. एक कॉम्प्युटर, एक पंखा, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि टेबलाच्या खणात चावून चपटी झालेली टोपणं. ती मी दर दिवाळीला फेकून देई आणि शिमग्यापर्यंत खण पुन्हा भरे.

पहिल्या खेपेला ते विरोधी बाकांवर होते. हाती सत्ता नव्हती, होता तो फक्त प्रश्न. विधानसभेत प्रश्न विचारायची एक ठरलेली रीत असते. अमुक ठिकाणी अमुक घडलं, "हे खरे आहे काय?" असल्यास शासनानं काय कारवाई केली? नसल्यास विलंबाची कारणं काय? खाली मंत्र्यांचं छापील उत्तर येतं. बहुतेक वेळा "हे खरे नाही", आणि त्याच्याखाली "प्रश्न उद्भवत नाही". भाऊंचा या रीतीवर देवासारखा विश्वास होता. "बोललेलं वाऱ्यावर जातं, शुभा. लिहिलेलं सभागृहाच्या पटलावर जातं. एकदा तिथं गेलं की सरकारच्या बापालाही खोडता येत नाही."

एकदा त्यांनी एका प्रसूतिगृहातल्या उंदरांवर प्रश्न लावला. सात महिन्यांनी उत्तर आलं, "हे अंशतः खरे आहे." तो माणूस लहान मुलासारखा नाचला हो! नेहमीच्या "खरे नाही"वर पहिल्यांदा मात केली होती. आख्ख्या गल्लीत वडे वाटले. माझ्या आईच्या हातात वडा ठेवून त्यांनी वाकून नमस्कार केला, तर ती म्हणाली, "अंशता खरा म्हंजे काय रे? उंदराची शेपटी खरी नि तोंड खोटा?" भाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आईला ते काकी म्हणत. आमच्याच बाजूच्या चाळीत वाढलेले, तिच्या हातची आंबोळी खाऊन शाळेत गेलेले. माझे बाबा परळच्या इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होते तेव्हा भाऊ अधिवेशन सोडून दिवसभर बाकावर बसून होते. खांदा द्यायलाही पहिले तेच. हे मी मुद्दाम सांगते आहे. माणूस मुळातच हलकट असता तर मला हे लिहायचे कष्ट पडले नसते.

मग आमच्या चाळीला बिल्डर आला. जुनी चाळ पाडायची, एका अंगाला आमच्यासाठी इमारत, दुसऱ्या अंगाला विक्रीचा टॉवर. तोवर आम्ही अँटॉप हिलच्या संक्रमण शिबिरात राहायचं. तीन वर्षांत परत, असं सगळे म्हणत होते. चौसष्ट खोल्यांपैकी त्रेसष्ट सह्या झाल्या. राहिली आई. "ह्या खोलयेत मी लगीन होऊन इलंय, हयसूनच जातलंय," एवढं एकच ती सगळ्यांना सांगायची.

शेवटी भाऊ आले. खाटेवर बसले, आंबोळी खाल्ली, हात पुसले. "काकी, नव्या घराची चावी मी स्वतः तुमच्या हातात देईन. त्याआधी त्या टॉवरमधे कुणाला पाय ठेवू देणार नाही. शब्द देतो. लिहून देऊ?"

आई म्हणाली, "लिवन कित्याक? तू सांगतस ना? झाला मगे."

आणि तिने सही केली. पेन माझं होतं. रोज दहा लोकांना "कागदावर आणा" म्हणणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून मी पंधरा वर्षं कागद टाइप केले, आणि घरच्या त्या एका वाक्याचा कागद करावा असं काही मला सुचलं नाही. सुचलंही असेल. लाज वाटली असेल. आपल्या माणसाकडून कुणी लिहून घेतं का?

भाऊंनी शब्द पाळायचा प्रयत्न केला, हेही खरं. त्यांनी अशासकीय विधेयक आणलं. मंत्री नसलेला साधा सदस्यही स्वतःचा कायदा मांडू शकतो, त्याला हे नाव. विधेयकाचं सार एवढंच, की जुन्या भाडेकरूंना त्याच जागी घरं दिल्याशिवाय बिल्डरला विक्रीचा एकही फ्लॅट विकता येणार नाही. मी ते अकरा वेळा टाइप केलं. दोन वर्षं ते चर्चेला येईना. आलं तेव्हा मी आईला घेऊन प्रेक्षकांच्या सज्जात बसले. ती इरकली नेसली होती, ठेवणीतली.

भाऊ काय बोलले! कागदाकडे न बघता बोलले. "लालबागची एक माऊली," ते म्हणाले, "रेशनकार्डावरचा पत्ता बदलू देत नाही. चाळ पडली तरी तिचा पत्ता उभा आहे." समोरच्या बाकांवरूनही दाद आली. मग मंत्री उठले. शासन सकारात्मक आहे, शासन स्वतःच असा कायदा आणेल, तेव्हा माननीय सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं. माननीय सदस्य उठले आणि त्यांनी विधेयक मागे घेतलं. सगळं मिळून चाळीस मिनिटं.

बाहेर पायऱ्यांवर आईने विचारलं, "मागे घेतल्यान म्हंजे? दिलेला परत घेतल्यान?"

"काकी, रीतच आहे ती," भाऊ म्हणाले. "आपण मागे घेतलं की सरकार पुढे येतं."

सरकार काही आलं नाही. भाऊच सरकारात गेले. पुढच्या निवडणुकीनंतर त्यांनी बाकं बदलली आणि राज्यमंत्री झाले. खातं कुठलं? तेच, घरांचं. आम्ही संक्रमण शिबिरात पेढे वाटले. आपला माणूस आपल्या खात्याला आला म्हणून चौसष्ट बिऱ्हाडं नाचली. आता सांगताना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

कार्यालय नव्या जागेत गेलं, काचेचं दार आलं, नवे पीए आले. मला कुणी काढलं नाही. फक्त मला कुणी काही टाइप करायला देईना. तीन महिने मी काचेतून येणारी-जाणारी माणसं मोजली आणि घरी बसले.

तिकडे टॉवर चढत गेला. आमची इमारत जोत्यापर्यंत आली आणि थांबली. टॉवरमधे माणसं राहायला आली, बाल्कन्यांत तुळशी आल्या, आमच्या जोत्यावर शेवाळ आलं. लालबागच्या पुलावरून जाणाऱ्या कुणालाही हे दिसत होतं. भाऊंना भेटायला आमच्या चाळीचे लोक चार वेळा गेले. चारही वेळा साहेब बैठकीत होते.

मग मी एक काम केलं. विरोधी बाकांवर नव्याने आलेल्या एका आमदाराकडे गेले आणि त्याला एक प्रश्न लिहून दिला. टॉवरमध्ये रहिवासी आले असून मूळ भाडेकरूंच्या इमारतीचे काम जोत्यावर थांबले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, नसल्यास, सगळं रीतसर. भाऊंनीच शिकवलेलं.

उत्तर आलं. वर राज्यमंत्री म्हणून भाऊंचं नाव, आणि खाली:

"(१) हे खरे नाही.
(२) व (३) प्रश्न उद्भवत नाही."

दुसऱ्याच दिवशी मंत्रालयातून फोन आला, साहेबांनी बोलावलंय. गेले. केबिनमधे गारठा होता. "या शुभाताई, बसा. प्रश्न तुम्ही लिहिलात ना?"

मी ताई कधी झाले कुणास ठाऊक. "हो," म्हटलं.

"वाटलंच. स्वल्पविराम तुझेच." क्षणभर ते जुने भाऊ झाले आणि हसले.

"उत्तर कुणी लिहिलं?"

"उत्तर खातं लिहितं. माझी सही फक्त."

"काम जोत्यावर थांबलंय, हे खरं नाही?"

"जोत्याच्या वर सळया आल्यात. त्यामुळे थांबलंय असं म्हणता येत नाही."

मला उंदीर आठवले. या वेळी अंशतःसुद्धा नव्हतं. माझा आवाज चढला. "भाऊ, तुम्ही आईला शब्द दिला होता. खाटेवर बसून दिला होता!"

त्यांनी पेन उचललं. टोपण काढून नीट मागच्या बाजूला बसवलं आणि सवयीने म्हणाले, "कागद आहे का?"

रागाने नाही हो. हजारो लोकांना विचारलं तसंच विचारलं. मग आपण कुणाला काय विचारलं ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली आणि चहासाठी घंटी वाजवली. मी चहाला थांबले नाही. आईला मी यातलं अक्षर सांगितलं नाही. ती आजही म्हणते, त्याका येळ गावूक नाय.

दोन वर्षांनी भाऊ गेले. हृदयविकाराचा झटका, मोटारीतच. मी रडले, खोटं कशाला सांगू? ज्या माणसाने बाबांना खांदा दिला त्याच्यासाठी रडले, ज्याने त्या उत्तरावर सही केली त्याला शिव्या देत रडले. विधानसभेतला शोकप्रस्ताव टीव्हीवर दाखवला. गिरणगावातल्या भाडेकरूंना त्यांच्याच जागी हक्काचं घर मिळावं म्हणून आयुष्य वेचणारा नेता, असं दोन्हीकडचे बोलले. मग सगळं सभागृह उभं राहिलं. शोकप्रस्तावावर प्रश्न विचारायची रीत नाही. खरे आहे काय, असं तिथे कुणी विचारत नाही.

आता त्या टॉवरच्या तोंडावर त्यांच्या नावाचा चौक झाला आहे. निळी पाटी, पांढरी अक्षरं, वर त्यांचा हसरा फोटो. आई ऐंशीच्या पुढची. रेशनकार्डावर अजून तोच पत्ता, म्हणून अजून महिन्यातून एकदा बसने लालबागला येतेच, आणि मी सोबत. परवा पाटीपाशी ती थांबली. पिशवी खाली ठेवली, कपाळावर हात धरून वर बघितलं.

"काय लिवलेला आसा? माका वाचून दाखय."

मी वाचलं. भाऊंचं नाव, पुढे चौक. पलीकडे आमचं जोतं होतं, त्यातून सळया वर आलेल्या, गंजलेल्या. आईने जोत्याकडे बघितलं, मग पुन्हा फोटोकडे.

"बरा झाला," ती म्हणाली. "आमच्यातलो एक तरी परत इलो."

आणि पिशवी उचलून ती रेशनच्या रांगेला लागली.