केरबामामांचं खत

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बहिणीला सांगितली नाही, लेकीला नाही, नवऱ्याला तर नाहीच. मास्तर अजून हयात आहेत. हो, नवऱ्याला मी मास्तरच म्हणते, सगळं कुरुंदा गाव म्हणतं. हे त्यांच्या वाचण्यात आलं तर येऊ दे. या वयात मी आता कुणाला भिऊ?

आधी लॉनचं सांगते. त्याशिवाय माझा राग तुम्हाला कळायचा नाही. आणि तो कळावा असं मला वाटतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

दारापुढं माझा वाफा होता. मेथी, शेपू, वांगी, कुंपणावर दोडक्याचा वेल. आपला जिल्हा परभणीतून वेगळा झाला त्या सुमाराला मास्तरांनी नांदेडमध्ये कुण्या साहेबाच्या बंगल्यापुढं लॉन पाहिलं, आणि ते त्यांच्या डोक्यातच बसलं. आई आजारी म्हणून मी पंधरा दिवस माहेरी, जवळा बाजारला गेले होते. परत आले तर वाफा नाही. वेलासकट उपटून टाकलेला. त्या जागी बुटकं, मऊ, नर्सरीतून आणलेलं गवत. मला विचारलंसुद्धा नाही हो — एक शब्द नाही.

मग त्या गवताला पाणी कुणी घालायचं? मीच. नळ आठवड्यातून एकदा, बाकी सगळं हापशावरून. रांगेतल्या बाया मला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "मास्तरीणबाई गवताला पाणी नेऊन राहिल्या." आणि हसायच्या. का हसू नये? गवतावर बसायचं नाही, कुरडया घालायच्या नाहीत. होळीच्या दिवसांत आमच्या गावात अंगण-अंगण शिजवलेल्या हळदीनं पिवळं होतं. आमची हळद मात्र मागच्या बोळात, सावलीला. त्या वर्षी तिला बुरशी धरली. मास्तर म्हणाले, असू दे, लॉन किती छान दिसतंय.

उन्हाळ्याआधी लॉनला खत पाहिजे म्हणून त्यांनी केरबामामांना बोलावलं. केरबामामा धनगर, माझ्या वडिलांच्या वयाचे. पेरणीआधी शेतकरी त्यांच्या मेंढ्या चार-चार दिवस आपल्या रानात बसवून घ्यायचे. लेंडी-मूत जमिनीत मुरलं की दुसरं खत लागत नाही. त्या बदल्यात मामांच्या घरी ज्वारी जायची. मामा खत मुठीत चुरून नाकाशी धरायचे आणि सांगायचे — मुरलंय, का कच्चं आहे. त्यांचा शब्द कुणी खोडत नसे. आमच्यासाठी त्यांनी चांगलं कुजलेलं लेंडीखत आणलं, चाळून घेतलं, उकिडवं बसून हातानं भुरभुरलं. आठ-दहा दिवसांत गवत असं काही तरारलं — मला बघवेना.

मास्तर दहावीच्या परीक्षेच्या कामाला चार दिवस वसमतला गेले.

आता सांगायचंच तर मी अजून हळदीबिळदीत का घुटमळतेय?

युरिया मी टाकला. गव्हातून उरलेलं अर्धं पोतं सांदीत होतं, ते ओढत आणलं आणि भर दुपारी, उघड्यावर, सुपानं उधळलं. वरून नुसतं शिंपडलं — दाणे विरघळावेत इतकंच. मुरेल इतकं पाणी दिलं नाही. कुणी पाहिलं असतं तर खत घालतेय असंच म्हणाला असता. दुसऱ्या दिवशी पाती पिवळी, तिसऱ्या दिवशी वाळलेल्या पेंढीसारखी. मी उंबऱ्यात बसून चहा प्याले आणि बघत राहिले. त्या गवताचं मला तेव्हा काही वाटलं नाही. आजही वाटत नाही. पुन्हा तसं झालं तर पुन्हा जाळीन.

पण गोष्ट गवताची नाही ना.

मास्तर आले, पाहिलं, आणि पहिला शब्द त्यांच्या तोंडून आला तो केरबामामांच्या नावानं. कच्चं खत घातलं, त्यानं जळलं, म्हणाले. मी तिथंच उभी होते, दाराच्या चौकटीला धरून. दोन शब्द लागले असते. मास्तरांनी मारलं नसतं, ओरडले असते फार तर. मी गप्प राहिले. मास्तर पारावर गेले, तिथंही तेच बोलले. शिकल्या-सवरल्या माणसाचं बोलणं — ते गावभर झालं. त्या उन्हाळ्यात मामांच्या मेंढ्या कुणी रानात बसवल्या नाहीत.

एका सकाळी मामा मागच्या दारानं आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. डोक्याचं मुंडासं हातात घेतलं होतं.

"बाई, माझ्याच्यानं नुकसान झालं तुमचं," म्हणाले. "मला मुरलेलं वाटलं व्हतं. नाक ऱ्हायलं न्हाई आता पहिल्यासारखं. माफ करा."

आणि मी काय केलं? मी माफ केलं. "असू द्या मामा, होतं असं," म्हणाले. वर चहा दिला. घोटाघोटानं त्यांनी तो पूर्ण प्याला, मी समोर उभी.

लॉन पुन्हा लावलं नाही. मास्तरांचा उत्साह गेला, त्यांनी तिथं फरशी घातली. हळद वाळायला ऐसपैस जागा झाली. मामा मात्र गाव सोडून लेकीकडं, जवळा बाजारकडं राहायला गेले.

सहा-सात वर्षांनी तिथल्या बाजारात ते मला दिसले. चार-पाच मेंढ्या घेऊन बसले होते. एक शेतकरी त्यांना म्हणत होता, परसात टाकायला थोडं लेंडीखत द्या. मामा नको-नको म्हणत होते. "दुसऱ्या कुणाला तरी दाखव पहिले," म्हणाले. "मला कळत न्हाई आता, मुरलं का न्हाई ते." ज्या माणसाचा शब्द गाव खोडत नव्हतं, तो स्वतःच स्वतःला खोडत होता. मी मागं फिरणारच होते, पण त्यांनी ओळखलं.

घरचं सगळं विचारलं. मास्तरांची तब्येत विचारली. मग म्हणाले, "आन् बाई, ते गवत — आलं का पुन्हा?"

मी सांगू शकत होते. भर बाजारात, त्या शेतकऱ्यासमोर — तोच साक्षीदार झाला असता. मामांना त्यांचं नाक परत मिळालं असतं.

"आलं मामा," मी म्हणाले. "पहिल्यापेक्षा चांगलं आलं."

त्यांनी डोळे मिटले. "बरं झालं," म्हणाले, "लई दिवस जीवाला लागून व्हतं."

पुढच्या वर्षी ते गेल्याचं कळलं. त्या लेकीचं घर मला माहीत आहे. माहेरी जाताना एसटीतूनच दिसतं, पत्र्याचं, दारात बाभूळ. मी कधी उतरले नाही.