सखुआत्याचा एकानंतर दहावा धवला

आमची सखुआत्या ठाकुर्लीकडची धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी मुहूर्तापुरता येतो, धवलारीण मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत लागते. ती धवल्याची, म्हणजे लग्नगाण्याची, ओळ म्हणते, बाया मागून तीच ओळ उचलतात. आधी देवांना बोलावणं, मग हळद, मग बाकीचं, शेवटी पाठवणी आणि सासरचा उंबरा. क्रम चुकून चालत नाही. चाळीस वर्षांत तिचा कधी चुकला नाही.

गेल्या वर्षी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली नुसती फुसफुस. ऑपरेशनच्या आधी मी, म्हणजे तिच्या भाच्याची बायको जागृती, तिचे बारा धवले मोबाईलमध्ये भरून ठेवलेले. फाईलींना नावं कुठून आणणार? एक ते बारा आकडे टाकले आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली.

परवा शेजारच्या मालनवहिनीच्या निशिगंधाची हळद होती. वहिनीने आत्याला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, आता फोन आहे, तू आराम कर. आत्याचं तोंड एवढंसं झालं. मला कुठली फुरसत बघायला? मी फोनला स्पीकर जोडला, पहिला धवला लावला आणि हळद कालवायला बसले.

पहिला झाला, देव आले. आता हळदीचा लागणार, तर स्पीकर पाठवणीचाच म्हणायला लागला! अगं बाई, गालाला हळद लागत नाही तोवर पोर सासरी निघाली? बायाही गोंधळल्या, पण आवाज सखुबाईचा म्हटल्यावर कोण शंका घेणार? त्यांनी मुकाट्याने ओळ उचलली. मालनवहिनी हमसून रडायला लागली. एका म्हातारीने निशिगंधाला उठवून सगळ्यांच्या पाया पडायला लावलं. खुर्चीतून आत्या दोन्ही हात हलवून नाही नाही करत होती, पण सगळ्यांचे डोळे स्पीकरवर. माझे हात हळदीने बरबटलेले, फोन बोटाला दाद देईना. तोवर सासरच्या उंबऱ्यावरचा अकरावा सुरू झाला.

माझी नणंद दिशा धावत आली. तिने सांगितलं की फोन नावातला पहिला आकडा बघतो, म्हणून एकामागे दहा, अकरा, बारा, आणि मग दोन. एक ते नऊच्या आधी शून्य लावायला हवं होतं म्हणे. मला अजून धड कळलेलं नाही. दहाच्या आधी दोन येतात हे बालवाडीतलं पोर सांगेल, या डबड्याला कळू नये?

तेवढ्यात आत्या उठली आणि तिने स्पीकरची वायरच उपटली.

दुसरा धवला कुठून सुरू होतो, ते एकीलाही आठवेना. जन्मभर मागून म्हटलेलं, पुढची ओळ कोणाला येते? दिशा म्हणाली, थांबा, दोन नंबर शोधून लावते. मीही तिच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावले.

आत्याने माझा कान धरला, चांगला पिळला आणि तोंडाशी ओढला.

"मी आजून जित्ती हाय गो," ती फुसफुसली. "मना इचार."