जाळीतली निळी लोकर

रोज सकाळी शटर वर गेलं की मिस्त्री आधी डॉक्टरबाईंच्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडत. ऑइल मोजायची पट्टी काढत, निळ्या चिंधीने पुसत, आत घालून परत काढत आणि उजेडात धरून बघत. चहा त्यानंतर. बाईंच्या घरी जागा नव्हती, म्हणून गाडी सात वर्षं गॅरेजातच मुक्कामाला होती.

मग एका सोमवारी ऑइलच्या प्रेशरचा काटा पडायला लागला. मिस्त्रींनी काटा बदलला, ऑइल बदललं, फिल्टर बदलला. पडायचा तो पडतच राहिला. बाईंनी फोनवर सांगून टाकलं, "शनिवारपर्यंत बघा. नाहीतर हे काढून नवीन इंजिन बसवू."

मिस्त्रींनी आयुष्यात उघडलेलं पहिलं इंजिन तेच.

"बेअरिंगं गेली," शुक्रवारी ते पडलेल्या आवाजात म्हणाले. ती आता कुठे मिळत नव्हती.

त्यांच्यासोबत काम करणारी त्यांची मुलगी वैतागली. "बाबा, बेअरिंगं गेली असती तर इंजिन तापल्यावर, हळू चालताना काटा पडला असता. हा रेस दिली की पडतोय! पंपाला ऑइलच पुरत नाहीये. खालचं ऑइलचं चेंबर खोला, आतली पंपाची जाळी बघा."

"जाळीत कचरा येईल कुठून? या इंजिनाला मी धुळीचा कण शिवू दिलेला नाही."

"बघायला काय जातंय?"

"आता तू मला शिकव!"

"चार दिवस तेच करतेय!"

शेवटी तिनेच गाडीखाली शिरून चेंबर उतरवलं. जाळीवर काळपट लगदा बसला होता. पेट्रोलमध्ये धुतला तसा रंग उमटला. निळा.

तिच्या शाळेच्या स्वेटरचा. मऊ असतो, पट्टीला ओरखडा पडत नाही, म्हणून मिस्त्रींनी त्याचीच चिंधी केली होती. सात वर्षं, रोज एखाद-दुसरा धागा.

"घ्या," ती म्हणाली. "तुमचा धुळीचा कण."

मिस्त्रींनी लगदा बोटांत चुरून बघितला. "स्वेटर हलका निघाला," ते म्हणाले.

जाळी स्वच्छ झाली. शनिवारी रेस दिली तरी काटा पडला नाही. इंजिन जागेवर राहिलं. मुलीने पट्टीसाठी धुतलेल्या सुती धोतराचे तुकडे कापून ठेवले. निळी चिंधी फेकायला गेली, तर ती मिस्त्रींच्या खिशात.

वर्षभराने मिस्त्री दवाखान्यात होते. तेव्हाही ती सकाळी गॅरेज उघडूनच त्यांच्याकडे यायची. त्या दिवशी डबा उचलून ती निघाली, दारापर्यंत गेली, तेव्हा त्यांनी मागून विचारलं,

"पट्टी कशानं पुसलीस?"